करवंदीची मुळी आणि पाखऱ्याचं शिंग

करवंदीचा काटा जनावराच्या अंगात मोडला की बाहेरून काहीच दिसत नाही. उन्हाळ्यात सड्यावरचं, डोंगरमाथ्याच्या कातळपठारावरचं, गवत संपतं, म्हशी सावलीसाठी आणि कोवळ्या पाल्यासाठी करवंदीच्या जाळीत घुसतात, आणि तो जोडीनं येणारा टणक काटा मांडीत नाहीतर कासेजवळ मोडून बसतो. चार दिवसांनी तिथं सुपारीएवढी गाठ येते. आठ दिवसांनी ती फुटते, माशी बसते, अंडी घालते, आणि मग धनी एक दिवस नाकाला टॉवेल लावून दवाखान्याच्या दारात उभा राहतो. "डाक्टर, म्हशीला किडं पडल्यात."

मी डॉक्टर नव्हतो. पशुधन पर्यवेक्षक होतो. कोल्हापूर जिल्ह्यात तेहतीस वर्षं हीच नोकरी केली आणि तेहतीस वर्षं लोकांनी मला डॉक्टरच म्हटलं. सुरुवातीला मी दुरुस्त करायचो, नंतर सोडून दिलं. शिकलेला डॉक्टर तालुक्याला असायचा. गावोगाव फिरून लसी टोचणं, खोंडांचं खच्चीकरण, गाई-म्हशींचं रेतन, अडलेल्या म्हशीजवळ बसून डॉक्टर येईपर्यंत धन्याला धीर देणं, हे माझं काम. निवृत्तीनंतर रंकाळ्यावर फिरायला येणारे मित्र विचारतात, तुझ्या नोकरीत लिहिण्यासारखं काय असणार? शेण आणि सुया. बरोबर आहे. पण ह्या शेणात आणि सुयांत मी एक चूक केली होती, ती अजून कुणाला नीट लिहून सांगितलेली नाही. ती सांगायची तर आधी बायजाक्का सांगावी लागेल.

पहिली नेमणूक पश्चिमेकडं, घाटमाथ्याजवळ मिळाली. दोन खोल्यांचा दवाखाना, पुढं जनावर बांधून उभं करायचा लोखंडी खोडा, आणि माझ्या हद्दीत सात वाड्या. त्यातला सगळ्यात उंचावरचा धनगरवाडा गाठायला दोन तास चढायला लागायचं. चौदा घरं. त्या घरांचं निम्मं आयुष्य करवंदीवर चाललेलं असायचं. शेळ्यांच्या वाड्याभोवती बिबट्यापासून राखण म्हणून करवंदीच्या फांद्यांची वई घातलेली. कच्च्या करवंदांचं मीठ-मिरची घालून केलेलं तिखटजाळ तोंडीलावणं भाकरीवर. पिकली की बायका पहाटे उठून टोपल्या भरायच्या आणि उतरून बाजारात पानाच्या द्रोणातून विकायच्या. त्यांचे हात मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडलेले आणि फळाच्या चिकानं काळे पडलेले असायचे. पोरं करवंद चावायच्या आधी पैज लावायची, कोंबडा की कोंबडी. आत लाल निघालं तर कोंबडा. मीही खेळायचो. नोकरी नवी होती, वय पंचवीस होतं.

त्या वाड्यावर लसीकरणाला पहिल्यांदा गेलो तेव्हा धाकू नावाच्या माणसाची एक रेडी माझ्यासमोर आणली. मांडीच्या आतल्या अंगाला जखम, आणि जखमेवर काळपट, कडू वासाचा लेप थापलेला.

"हे काय लावलंय?"

धाकू खाली बघत म्हणाला, "मुळी हाय. करवंदीची."

"कुणी सांगितलं?"

त्यानं हनुवटीनं दाखवलं. पलीकडं दगडावर एक बाई बसली होती. पन्नाशीची, सडपातळ, डोक्यावरनं पदर घट्ट ओढलेला. मांडीशी दगडी पाटा, पाट्यावर बोटभर जाडीची मुळी. ती बायजाक्का. वाड्यावरचंच नव्हे, आजूबाजूच्या चार वाड्यांतलं जनावर जखमी झालं की आधी तिच्याकडं जायचं, माझ्याकडं नंतर. हे मला तोवर दोघातिघांनी सांगितलेलं होतं आणि ते मला लागलेलं होतं.

मी काय केलं ते सांगायला आजही बरं वाटत नाही. सगळा वाडा जमलेला होता. मी लाल औषधाच्या पाण्यानं तो लेप धुऊन काढला, तरातरा जाऊन तिच्या पाट्यावरची मुळी उचलली आणि खाली उतारावर भिरकावली. वर भाषण दिलं. असली घाण लावून जनावरं मारता तुम्ही, सरकार फुकट औषध देतंय ते घ्यायला काय होतं, वगैरे. पंचविसाव्या वर्षी माणूस फार मोठ्यानं बोलतो.

बायजाक्का उठली नाही. मुळी कुठं पडली ते तिनं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"टाकलास? बरं. आता माश्या तू हाकत बस, पावण्या."

लोक हसले. मी हसलो नाही. रेडीच्या जखमेत टर्पेंटाइनचा बोळा घातला, चिमट्यानं किडे काढले, मलम लावलं आणि धाकूला बजावलं, पुन्हा मुळी लावशील तर याद राख. धाकू सरकारी माणसाला घाबरायचा. त्यानं माझं ऐकलं, आणि तिथंच रेडीचं वाईट झालं.

पाच दिवसांनी निरोप आला, परत किडे. मी चढून गेलो, परत साफ केलं. चार दिवसांनी परत. तिसऱ्या खेपेला मांडीचं भगदाड मूठभर झालं होतं आणि रेडी उभी राहताना पाय टेकवत नव्हती. माझं औषध चुकीचं नव्हतं. पण मी दोन तास चढून जायचो, अर्धा तास हात चालवायचो आणि दोन तास उतरून यायचो. मधले चार दिवस जखम उघडी आणि माश्यांचा काळ. खात्याकडून आलेलं मलम पहिल्याच घामात पुसून जायचं. धाकूची बायको त्या दिवशी मला चहा द्यायला आली नाही. गोठ्याच्या दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "दोन वेतं हुतील म्हणून राखली हुती."

चौथ्या खेपेला मी मनाची तयारी करून गेलो, की आता रेडी गेली. बघतो तर जखम कोरडी. कडेनं गुलाबी मांस धरलेलं आणि मधे तोच काळा लेप. रेडी चारही पायांवर उभी राहून कडबा खात होती. धाकू दोन्ही हात जोडून उभा.

"साहेब, मी न्हाय लावलं. बायजाक्का आपली आपणच आली. मला म्हणाली, तू सरकाराला भी, मी भीत न्हाय."

मी रेडीचं तापमान घेतलं, उगाच जरा वेळ लावला, आणि मग बायजाक्काच्या घराकडं गेलो. ती शेळीच्या करडाला बाटलीनं दूध पाजत होती. मला बघून तिनं पोतं पुढं सरकवलं.

"बस."

"आक्का, माझं चुकलं."

"व्हय, चुकलं," ती म्हणाली. तेवढंच. तिनं करडाचं दूध संपवलं. मग तिनंच विचारलं, "तू किडं काढतोस ते चिमट्यानं लई बेस काढतोस. मला दिसत न्हाय आता बारीक. मला काढून देशील?"

असं आमचं जमलं. पुढची सहा वर्षं मी त्या वाड्यावर गेलो की जखम उघडून साफ करायचं काम माझं आणि वरची मुळी तिची. तिच्याकडनं मी बघत गेलो. मुळी ओलीच घ्यायची, म्हाताऱ्या जाळीची घ्यायची, एका जाळीची एकच घ्यायची म्हणजे जाळी मरत नाही. पाट्यावर पाण्यात उगाळायची. तिच्या वासानं माशी बसत नाही, हा त्यातला मोठा गुण. किडे मरतात का, हे मी खात्रीनं सांगणार नाही. पण मला जे उशिरा कळलं ते वेगळंच. बायजाक्का लेप लावून निघून जात नव्हती. सकाळ-संध्याकाळ त्या जनावराजवळ बसायची, जखम हुंगायची, बोटानं कडा दाबून बघायची, जनावर खातंय का, शेपूट कशी हलवतंय, कान कुठं आहे, सगळं बघायची. मी तिच्याकडनं मुळी शिकलो. तिचं ते बसणं शिकलो नाही.

बदली झाली आणि मी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आलो, शिरोळ तालुक्यात, कृष्णाकाठी. इथं डोंगर नाही, सडा नाही, करवंद तर फक्त बाजारात. सगळीकडं ऊस, आणि उसाच्या गाडीला जुंपलेले खिलार बैल. इकडं येताना बायजाक्काला भेटायला गेलो तेव्हा तिनं धडप्यात बांधून मुळ्या दिल्या होत्या. मी त्या घरी वाळवून बरणीत भरून ठेवल्या. ओलीच घ्यायची हे मी तिच्याच तोंडून शंभरदा ऐकलं होतं, तरी.

नव्या गावात पहिल्याच पावसाळ्यात एका गाईच्या पायाची जखम त्या मुळीनं आटोक्यात आली, मग एका कालवडीची. आणि बोलबाला झाला. लोक मला 'करवंदीचं डाक्टर' म्हणायला लागले. दूध डेअरीच्या एका मेळाव्यात मला हार घालून बोलायला उभं केलं आणि मी अर्धा तास पारंपरिक ज्ञानावर बोललो. पंचविसाव्या वर्षी ज्या मुळीला घाण म्हटलं होतं तिचं पस्तिशीत गुणगान. आवाज मात्र तेवढाच मोठा.

गिऱ्हाइकं पण नाना तऱ्हेची यायला लागली. एक निवृत्त मास्तर टक्कल दाखवून विचारायचे, हितं उगाळून लावू का? त्यांना मी सांगितलं, माशी बसणार नाही एवढीच हमी देतो. एक बाई नवऱ्याच्या मधुमेहाच्या जखमेसाठी मुळी मागायला आली होती. तिला मात्र मी हात जोडून, गाडीत बसवून दवाखान्यात पाठवलं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला असलेला एक पावणा तर म्हणाला, "साहेब, आपण ह्याचं मलम काढूया. डबी माझी, मुळी तुमची." मी हसून वाटेला लावलं, पण खोटं कशाला सांगू, त्या दिवशी जेवताना डबीवर नाव काय असावं ह्याचा विचार मनात येऊन गेला होता.

अण्णाप्पा माझ्या गावापासून बारा किलोमीटरवर, नदीच्या अंगाला राहायचा. तीन एकर ऊस आणि बैलजोडी, पाखऱ्या आणि हौश्या. साखर कारखान्याला ऊस वाहायचा. माणूस कमी बोलणारा. पण बैलांशी दिवसभर बोलायचा. बेंदराला, आमच्याकडच्या पोळ्याला, त्याच्या जोडीची शिंगं बघायला शेजारच्या गावातनं लोक यायचे. तासून, घोटून, रंगवून आरशासारखी केलेली. पाखऱ्याचं डावं शिंग त्यातल्या त्यात देखणं होतं.

त्या वर्षी बेंदूर होऊन पंधरा दिवस झाले असतील. लाळ-खुरकुताच्या लसीची मोहीम चालू होती, रोज तीन-तीन गावं. फोन आला.

"डाक्टर, पाखऱ्याच्या शिंगाच्या बुडात किडं पडल्यात."

"कितीसे?"

"दहा-बारा काढलं मी. जरा मान पण झटकतोय."

"माशीनं झटकत असणार. माझी मुळी आहे ना तुझ्याकडं मागची? उगाळून लाव दोन वेळ. मी येतोच सवडीनं."

एवढंच बोलणं. तीन दिवसांनी मीच विचारलं. "किडं न्हाईत आता," अण्णाप्पा म्हणाला. मला बरं वाटलं. आठवड्यानं परत विचारलं. "किडं न्हाईत. पण झटकतोय अजून." मी म्हणालो, जखम भरताना खाजतं. बारा किलोमीटर होतं ते अंतर. मोटारसायकलवर अर्धा तास. मी गेलो नाही.

तीन आठवड्यांनी शेजारच्या वस्तीवर गाय बघायला गेलो होतो म्हणून वाकडी वाट करून अण्णाप्पाच्या गोठ्यात डोकावलो. पाखऱ्या मान एका अंगाला टाकून उभा होता. डाव्या नाकपुडीतनं लालसर पाणी गळत होतं. आणि ते डावं शिंग, ज्याला बघायला लोक यायचे, ते बुडातनं खाली झुकलं होतं. बोटानं धरलं तर हललं. त्यानं अंग चोरलं, पण मला मारलं नाही. इतका गरीब बैल.

शिंगाच्या बुडात माझ्या मुळीचा लेप होता. वरनं स्वच्छ, कोरडा. एक माशी नाही.

बैलाला शिंगाचा कॅन्सर होतो. खिलारासारख्या मोठ्या शिंगांच्या बैलांत तो आम्ही बघतो. मान झटकणं, एकाच नाकपुडीतनं गळणं, शिंग झुकणं, ही त्याची चिन्हं, आणि ती मला प्रशिक्षणात पाठ होती. बुडात पडलेले किडे ही नुसती वरची खूण असते. मी खूण पुसली होती आणि तीन आठवडे समाधानात होतो.

तालुक्याच्या मॅडमना फोन केला. त्या आमच्या पशुवैद्यकीय अधिकारी. स्वच्छ कामाच्या, कडक, माझ्यापेक्षा वयानं लहान. तासाभरात आल्या. त्यांनी शिंगावर टिचकी मारली, डोळे तपासले आणि अण्णाप्पाला समजेल अशा शब्दांत सांगितलं, की शिंग काढायला लागेल, आणि आत डोक्यात किती पसरलंय ते काढल्यावरच कळेल. मग विचारलं, "हा लेप कशाचा? कुणी सांगितला?"

मी तिथंच उभा होतो. माझ्या तोंडातनं शब्द निघायला हवा होता. निघाला नाही. दोन सेकंद गेले असतील.

"आमीच लावलंय, मॅडम," अण्णाप्पा म्हणाला. "घरगुती."

"अहो, असं काहीतरी लावून वेळ घालवता तुम्ही लोक! तीन आठवड्यांपूर्वी कळवलं असतं तर शिंग काढून बैल राहिला असता."

"चुकलं आमचं," तो म्हणाला. माझ्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही.

मॅडमनी भूल दिली, शिंग काढलं. पाय मी धरले होते. आत सगळं भरलेलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी पाखऱ्या गेला. अण्णाप्पानं त्याला स्वतःच्या वावरात पुरलं. मी गेलो तेव्हा खड्डा बुजवून झाला होता आणि त्याची बायको सुमनवहिनी बांधावर बसून होती. हौश्या गोठ्यात आपल्याच दाव्याच्या बाजूला सरकून उभा होता, पलीकडची जागा मोकळी ठेवून. कुणी मला दोष दिला नाही. उलट जाताना वहिनींनी पाणी आणून दिलं. मी ते प्यालो आणि गाडीला किक मारली.

मग पंधरा दिवस मी नीट जेवलो नाही, असं माझी बायको सांगते. मला आठवतं ते एवढंच की बरणी मी फडताळात पार मागं सरकवून ठेवली होती. शेवटी एका रविवारी एसटी धरून पश्चिमेला गेलो. धनगरवाड्यावर चढायला मला आता तीन तास लागले. बायजाक्का म्हातारी झाली होती. डोळ्यांत फूल पडलं होतं, आवाजावरनं ओळखलं तिनं.

तिला सगळं सांगितलं. फोन, लेप, नाक, शिंग. ती मधेमधे मान हलवत राहिली. मी थांबल्यावर तिनं विचारलं, "शिंगाला मुळी?"

"व्हय."

"शिंगाला मी कवाच मुळी लावत न्हाय."

तिनं बोटानं स्वतःच्या कपाळाची कड दाबून दाखवली.

"शिंगाच्या बुडात किडं पडलं म्हंजे आत कायतरी हाय. आमच्यात तसला बैल उतरणीनं खाली न्यायाचा, थोरल्या दवाखान्यात. डोळ्याजवळ लावत न्हाय. शिंगाला न्हाय, सांध्याला न्हाय, गाभण म्हशीच्या कासंला न्हाय. हे तुला ठावं न्हवतं?"

"तू कधी सांगितलं नाहीस, आक्का."

"तू कवा इचारलास?" ती म्हणाली. रागानं नाही. खरंच आठवून बघत असल्यासारखी. "मुळी कुठली घ्यायची इचारलास. कशी उगाळायची इचारलास. कुठं लावायची न्हाय, हे न्हाय इचारलास लेका."

सहा वर्षं मी तिच्याशेजारी उकिडवा बसलो होतो. ज्या जनावरांना ती हात लावत नव्हती, नुसती बघून 'खाली न्या' म्हणायची, ती मला दिसत होती. मला वाटायचं, म्हातारीला आता होत नाही.

परतताना तिनं विचारलं, "त्या बैलाच्या धन्याला सांगितलास का?"

"नाही."

तिच्या नातसुनेनं करवंदाचं लोणचं बांधून दिलं ते घेऊन मी उतरलो.

दुसऱ्या दिवशी आधी मॅडमकडं गेलो. उभ्या उभ्याच सांगितलं, की लेप मी सांगितला होता, फोनवर, जनावर न बघता, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी गप्प बसलो. त्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता खुलासा मागणार, नोटीस निघणार.

"मी त्या माणसाला किती बोलले त्या दिवशी," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पुढच्या बैठकीत तालुक्यातले सगळे पर्यवेक्षक असतील. तिथं हे जसंच्या तसं सांगा. तुमची मुळी पण सांगा, आणि त्या बाई काय म्हणाल्या ते पण. लिहून घ्यायला लावते सगळ्यांना."

मी सांगितलं. तीस माणसांसमोर, हार-तुऱ्याशिवाय. मागच्या रांगेतला एकजण मधेच उठून पाणी घेऊन आला. बैठक संपल्यावर तिघांनी बाजूला घेऊन आपापल्या चुका सांगितल्या. आमच्या कामात प्रत्येकाच्या खात्यावर एखादं जनावर असतं, फक्त त्याबद्दल कुणी बोलत नाही. मॅडम नंतर स्वतः अण्णाप्पाच्या घरी जाऊन आल्या, हे मला त्यांनी नाही, वहिनींनी सांगितलं.

माझं मात्र अण्णाप्पाकडं जायला आणखी चार दिवस लागले. तो गोठ्यापुढं कडबा तोडत होता. ऊसतोड तोंडावर आलेली, आणि घरात एकच बैल. शेजाऱ्याचा एक बैल उसना घेऊन जोडी लावायचं बघतोय, असं कानावर आलं होतं.

"अण्णाप्पा, बोलायचं होतं."

"बसा की."

मी बसलो नाही. बसलो असतो तर बोलता आलं नसतं. म्हणालो, "तू फोन केलास तेव्हाच मी यायला पाहिजे होतं. तू दोनदा सांगितलंस मान झटकतोय म्हणून. मी ऐकलं नाही. मुळी शिंगाला लावायची नसते. पाखऱ्या माझ्यामुळं गेला."

त्यानं दोन पेंढ्या तोडल्या. मग कोयता जमिनीत रोवून ठेवला.

"मला ठावं हाय," तो म्हणाला.

"मग त्या दिवशी मॅडमपुढं तू का—"

"तुमची नोकरी हाय न्हवं. माझा बैल तर जाणारच हुता तवा." हात झटकून म्हणाला, "राग आलता. लई आलता. सुमनला म्हटलं, आता ह्यो माणूस गोठ्यात पाय ठेवाय नको. मग परत म्हटलं, येईल. सांगायला येईल. रोज वाट बघितली मी. लई दिवस लावलासा, डाक्टर."

तो उठून गोठ्यात गेला, हौश्याला सोडून बाहेर उन्हात आणलं आणि त्याची वेसण स्वतःच्या हातात धरून माझ्यासमोर उभा केला.

"ह्याची शिंगं बघा."

मी जवळ गेलो. दोन्ही शिंगांच्या बुडाला हात लावून बघितला, ऊन आहे का, थंड आहे का. अंगठ्यानं चारी बाजूंनी दाबलं. टिचकी मारून आवाज ऐकला, आधी उजव्या शिंगाचा, मग डाव्या. नाकपुड्या पुसून बघितल्या. अण्णाप्पा शिंगाकडं बघतच नव्हता, तो माझ्या तोंडाकडं बघत होता.

"चांगली आहेत," मी म्हणालो.

"परत एकदा बघा."

मी परत पहिल्यापासून बघायला लागलो.